दोन तोंडं आणि एक चोच

आधी डोमाभाऊंचं नाव. मग माझं, मग राघूचं. संपादकांनी सांगितलं की टेबलाखालचे अनुभव लिहा, लोकांना तेच वाचायला आवडतील. पण मला त्या टेबलाखाली बसवलं डोमाभाऊंनी, आणि तिथून कुणी मला ओढून बाहेर काढायची वेळ आली तेव्हा आडवे उभे राहिले तेही डोमाभाऊच. तेव्हा या लेखात काही बरं सापडलं तर ते त्यांच्या खात्यात घाला. व्याकरण चुकलं तर माझ्या. माझी शाळा सातवीत सुटली, आणि सातवीचं व्याकरण मला तेव्हाही आलं नव्हतं.

डोमाभाऊ नागभीडकडचे. आमच्या या झाडीपट्टीत धान निघालं की गावोगाव नाटकांचे मंडप पडतात. त्या नाटकांत विनोदी काम करण्यात भाऊंचं उमेदीचं सगळं आयुष्य गेलं. नायक मरायला टेकला की मधेच पाण्याची घागर घेऊन येणारा नोकर, तो हमखास डोमाभाऊ. मी "आमच्या झाडीपट्टीत" लिहिलं खरं, पण मी मूळची इथली नाही. मी गडहिंग्लजजवळच्या खेड्यातली. आमचे हे चंद्रपूरला कोळसा खाणीच्या वर्कशॉपमध्ये लागले, म्हणून लग्नानंतर दीड दिवसाचा रेल्वेप्रवास करून इथं आले. येताना सोबत शिलाई मशीन होतं आणि भीती होती.

भीती उन्हाची नव्हती, वाघाचीही नव्हती. भीती बोलण्याची होती. पहिल्याच आठवड्यात नळावर मी "व्हय की वो, पाणी आलंय न्हवं" म्हणाले आणि चार बायका कळशा खाली ठेवून हसल्या. त्या प्रेमानंच हसल्या, हे आता कळतं. तेव्हा मी तोंड मिटलं ते मिटलंच. बाजारात भाजीवाली "काय पायजे बाई" म्हणाली की मी नुसतं बोट दाखवायची. हे बोट लक्षात ठेवा. पुढं त्यानंच घात केला.

एके दिवशी विलासभाऊ शिवायचं काम घेऊन घरी आले. ते पूर्वी एका वर्तमानपत्राचे बातमीदार होते, आणि त्यांनी जटपुरा गेटजवळ एका भांड्याच्या दुकानावरची खोली घेऊन लोकल केबलवर आठवड्याचा कार्यक्रम सुरू करायचं ठरवलं होतं. बातम्या खऱ्या, पण सांगायच्या हसवत. बातम्या सांगणार एक कापडी राघू. त्यांनी हिरव्या मखमलीचा तुकडा माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाले, "वहिनी, असा राघू शिवा की त्याले पाहूनच पुढारी घाबरला पायजे."

राघू शिवला. सोबत मागच्या पडद्यावर कार्यक्रमाचं नाव टाचायचं होतं. त्यांनी कागदावर लिहून दिलं होतं, "राघू बोलते." मला वाटलं बातमीदार माणूस, घाईत चुकला. सातवीपर्यंतच्या माझ्या ज्ञानानं मी ते सुधारलं आणि "राघू बोलतो" असं टाचून नेलं. पडदा टांगला तेव्हा खुर्चीत बसलेले एक वयस्कर गृहस्थ इतके हसले की त्यांच्या हातातला चहा धोतरावर सांडला. तेच डोमाभाऊ. "बाई," ते म्हणाले, "कोल्हापुरात बोलत असन तो. इथी राघू बोलते." मी तिथंच बसून 'तो' उसवला आणि 'ते' टाचला. उसवलेल्या टाक्यांची भोकं त्या पडद्यावर अजून दिसतात.

आणि दुसरी चूक त्याच दिवशी उघडी पडली. राघूच्या गळ्याचं माप मी कुणाचं घेणार? मशीनवर बसल्या बसल्या माझ्याच हाताचं घेतलं होतं. ज्या मुलाला राघू चालवायला आणलं होतं त्याचा पंजा आत जाईना. विलासभाऊंचाही जाईना. डोमाभाऊंनी राघू माझ्याकडं दिला, म्हणाले, "तूच हात घालून दाखव, कुठी अडते ते." मी हात घातला. सगळे माझ्याकडं बघत होते. घाबरून माझी बोटं हलली, चोच उघडली आणि तोंडातून निघून गेलं, "आता गं बया, गळा लई आवळलाय की वो माझा."

मग विलासभाऊंनी त्या मुलाला कॅमेऱ्याच्या तारा सांभाळायला दिल्या आणि डोमाभाऊ म्हणाले, "घ्या. राघू सापडला." अशी मी टेलिव्हिजनवर आले. चेहरा नाही, नाव नाही. फक्त उजवा हात आणि आवाज.

बाहेरच्यांना वाटतं, हे म्हणजे लहान मुलांचं काम. तर सांगते. टेबलाला पुढून कापड लावलेलं, मी आत मांडी घालून, हात वर. पंधरा मिनिटांत खांदा भरून येतो, अर्ध्या तासात तो आपला राहत नाही. प्रत्येक अक्षराला चोच उघडायची नाही, उघडली तर राघू पान चघळतोय असं दिसतं. स्वर येईल तिथं उघडायची. टेबलावर डोमाभाऊ गावकरी होऊन बसायचे, खांद्यावर दुपट्टा, आणि विचारायचे, "काय रे राघू, काय खबर?" मग राघू खबर सांगायचा. पण सगळी गंमत चोचीत नव्हती, मानेत होती. समोरचा पाहुणा खोटं बोलायला लागला की राघू काही बोलायचा नाही. नुसती मान वाकडी करायचा. हळूच, एका बाजूला. बस. माणूस बोलायचा थांबायचा, घाम पुसायचा. पुढं पुढं लोक घरी एकमेकांना म्हणायला लागले, "माह्यापुढं खोटं नको बोलू, राघूची मान वाकडी होईन."

विलासभाऊंचे दोन नियम होते. पहिला, ज्याच्या बुडाखाली खुर्ची आहे त्याच्यावरच हसायचं. दुसरा, दोन तोंडं. कुठलीही बातमी दोन वेगळ्या माणसांच्या तोंडून ऐकल्याशिवाय राघूनं चोच उघडायची नाही. दर शनिवारी चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन ते विचारायचे, "दोन तोंडं झाली?" झाली म्हटलं तर चिठ्ठी टेबलावर, नाही म्हटलं तर केराच्या डब्यात. कितीही हसू येत असलं तरी डब्यात. डोमाभाऊंना ह्याचं फार दुःख व्हायचं. कधी कधी ते डब्यातून चिठ्ठी काढून एकटेच वाचून हसायचे.

काय काय झालं त्या खोलीत. अहेरीकडच्या एका गावात रस्त्याकडेला एस.टी.चा थांबा बांधला होता, छान सिमेंटचा, पण एस.टी. तिकडून जातच नव्हती. थांब्यात बकऱ्या बसायच्या. आम्ही तिथं गेलो आणि राघूनं बकऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. मी थांब्याच्या भिंतीमागं उकिडवी बसलेली, हात वर. "बाई, किती वेळापासून गाडीची वाट बघताय?" बकरी म्हणायची, बें. "कुठं जायचंय?" बें. "तिकीट काढलंय का?" तेव्हा त्या बकरीनं राघूचं शेपूट खाल्लं. तो तुकडा गाजला, आणि खरंच महिन्याभरात एस.टी. यायला लागली. आम्ही पेढे वाटायच्या तयारीत, तर त्या गावातून एक म्हातारा तक्रार घेऊन चंद्रपूरला आला. म्हणाला, "गाडी आली ते बेस झालं जी. पण आता माह्या बकऱ्या कुठी बसन?" विलासभाऊंनी ती तक्रारही दोन तोंडं करून पुढच्या शनिवारी दाखवली.

आणखी एक पुढारी होते, त्यांचं नाव नको. ते दर पंधरा दिवसांनी जिना चढून यायचे. पहिल्यांदा आले तेव्हा मी भीतीनं टेबलाखालून बाहेरच आले नाही. वाटलं, कार्यक्रम बंद करायला आले. ते खुर्चीत बसले, पाणी प्यायले आणि दुखावल्या आवाजात म्हणाले, "विलासभाऊ, राघू सगळ्याईवर बोलून राह्यला. माह्यावरच काऊन नाई बोलत? लोकं म्हणतात, याची काही किंमतच नाई." डोमाभाऊंनी त्यांना फार गंभीरपणे समजावलं की त्यासाठी आधी काहीतरी करावं लागतं. चांगलं किंवा वाईट.

असे दिवस होते. मी रोज सकाळी उठायची ती हसत आणि घाबरत. हे सगळं खरं आहे का, मला, सातवी नापास बाईला, हे लोक खरंच ठेवणार आहेत का. प्रत्येक शनिवारी वाटायचं, आज काढतील. मग डोमाभाऊ येताना माझ्यासाठी पुडीत शेंगदाणे आणायचे आणि टेबलाच्या कापडाखालून हात घालून आत ठेवायचे. म्हणायचे, "राघूचा चारा." तेवढ्यानं माझा तो शनिवार निभायचा.

आता त्या थंडीची गोष्ट.

विलासभाऊंनी मला पहिल्यांदाच बातमी गोळा करायला पाठवलं. सोबत डोमाभाऊ. पोंभुर्ण्याच्या पुढं जंगलाला लागून एक गाव होतं, तिथल्या शाळेच्या छताचा विषय होता. भाऊ शाळेत गेले, मी बोअरिंगवर. विलासभाऊंनी सांगितलंच होतं, बातमी पाण्यापाशी असते. मी धीर करून तोंड उघडलं. तिथं एक आजीबाई पाणी भरत होत्या. बोलता बोलता त्यांनी गावातल्या वनरक्षक बाईचा विषय काढला. फार कडक बाई. कुणाला ओलं लाकूड तोडू देत नाही, डिंकासाठी झाडाला खाच मारू देत नाही. "पण दिलदार हाय," आजी म्हणाल्या. "परवा पाहुणे आले होते तं सगळ्याईले पोपट खाऊ घातले तिनं."

मी म्हटलं, "पोपट?"

"हो ना. भल्ले मस्त झाले होते."

"किती होते?"

"टोपलंभर असन. आमीच तं सोलून देल्लो."

"सोलून?"

आजींनी माझ्याकडं दयेनं बघितलं. "मंग? सालीसकट शिजवतेत का तुमच्याकडं?"

जंगलाची राखण करणारी बाई, आणि टोपलीभर राघू. सोललेले. माझ्या डोळ्यांपुढं आमचा मखमलीचा राघू आला. पण मी आता बातमीदार होते. दुसरं तोंड लागतं. मी किराणा दुकानात गेले. दुकानदाराला आडून आडून विचारलं, त्या बाईंकडं जेवण झालं म्हणे. तो म्हणाला, "झालं ना. हिरवेगार, कोवळे कोवळे पोपट. तिच्या अंगणातच हाय ना, मांडवावर. सकाळी तोडले, दुपारी रस्सा. मले तं नुसता रस्साच भेटला."

मांडवावर बसलेले. सकाळी तोडलेले. मी डोळे मिटून घेतले.

परतीच्या बसमध्ये डोमाभाऊ डुलकी घेत होते. मी त्यांना काही सांगितलं नाही. माझी स्वतःची पहिली बातमी होती, थोडा ताठाही होता. घरी जाऊन चिठ्ठी लिहिली, आणि लिहिताना आमच्या राघूला बोलायला सोपं जावं म्हणून पोपट हा शब्द बदलला. लिहिलं, "वनरक्षक बाईच्या घरी राघूंचं कालवण. दोन तोंडं झाली." तो एक शब्द मी जसाच्या तसा ठेवला असता तर खोलीतल्या कुणीही मला तिथल्या तिथं थांबवलं असतं.

त्या शनिवारी विलासभाऊ एका लग्नाला गडचिरोलीला जायच्या गडबडीत होते. चिठ्ठी वाचून त्यांनी विचारलं, "दोन तोंडं?" मी म्हटलं, दोन. "खुर्ची?" मी म्हटलं, वर्दी आहे. ते गेले. डोमाभाऊंनी मात्र डोकं खाजवलं. "इकडं कोनी राघू खात नाई, बाई." मी म्हटलं, मी माझ्या कानांनी ऐकलंय. "तुह्यावर भरोसा," ते म्हणाले आणि दुपट्टा झटकून खुर्चीत बसले.

राघूच्या गळ्यात मी काळी रिबीन बांधली. राघू रडला. मावशी गेली, काका गेले, आतेभावाचा नुसता रस्सा उरला. जंगलातलं पान तोडू न देणारी बाई आमच्या माना तोडते, असं म्हणाला. बाईचं नाव आम्ही घेतलं नव्हतं. पण गाव सांगितलं आणि वर्दी सांगितली. त्या गावात वर्दी एकच होती. तारा सांभाळणारा मुलगा हसून हसून खाली बसला. मी टेबलाखाली स्वतःवरच खूश होते.

तिसऱ्या दिवशी त्या बाईंचा फोन आला. सुनंदा मडावी. विलासभाऊंनी फोन ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नव्हता. बाईंच्या साहेबांनी लेखी खुलासा मागितला होता. दोन माणसं येऊन अंगणात पिसं शोधून गेली. राघू मारणं हा गुन्हा आहे, सिद्ध झाला तर नोकरी जाणार. आणि नाही झाला तरी वनपाल होण्यासाठी त्यांची फाईल वर गेली होती, ती तिथंच अडकणार. "ती म्हणते, माह्या घरी येऊन पाहा अन् माह्या तोंडावर सांगा," विलासभाऊ म्हणाले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "वहिनी, चूक आपली निघाली तं मले कोनाले तरी काढावं लागन."

त्यांच्या गावाला जाताना बसमध्ये मी मनात मशीनला तेल घालत होते. ब्लाउज, परकर, उशांचे अभ्रे. परत तेच. आणि त्याहून वाईट म्हणजे त्या बाईंची नोकरी. डोमाभाऊ खिडकीबाहेर बघत होते. शेंगदाण्याची पुडी त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली होती, ती मी उघडली नाही.

सुनंदाताई दारातच उभ्या होत्या. वर्दीत. डोमाभाऊंनी "सेवा जोहार" म्हटलं. त्यांनी जोहार घेतला, पण बसा म्हणाल्या नाहीत. आम्हाला अंगणात नेलं. तिथं बांबूचा मांडव होता, वर हिरवा दाट वेल चढलेला, आणि वेलाला शेंगाच शेंगा लटकलेल्या. मांडवाखाली टोपलं. त्यांनी ते उचलून माझ्यापुढं आदळलं.

"हे माहे पोपट. मोजा किती मारले ते."

मी टोपल्यात बघितलं आणि माझ्या तोंडून निघालं, "आता गं बया. हे तर पावटे."

आमच्याकडं पावटे म्हणतात. कोण वाल म्हणतं. इथं पोपट म्हणतात. थंडी आली की मी बाजारात ह्याच शेंगांवर मुकाट्यानं बोट ठेवून घेत आले होते, त्यांचं नाव एकदाही विचारलं नव्हतं. आजींनी सोललेल्या त्या शेंगा. मांडवावरून सकाळी तोडलेल्या त्या शेंगा. दोन तोंडं अगदी खरं बोलली होती.

सुनंदाताईंनी माझ्याकडं रोखून बघितलं. "हे राघूचं कोनं लिहिलं?"

माझं तोंड उघडलं. शपथेवर सांगते, मी सांगणारच होते. पण माझ्याआधी डोमाभाऊ बोलले.

"मी लिहिलो."

"तुमी?"

"हो जी. मले वाटलं, पक्षीच असन."

"भाऊ, तुमी कुठचे?"

"नागभीडचा."

"नागभीडच्या माणसाले पोपट माईत नाई?"

डोमाभाऊंनी दोन्ही हात जोडले आणि पोरासारखी मान हलवली. "नाई."

हे काय होतं ते बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. ज्या माणसाचा जन्म इथला, ज्यानं थंडीच्या दिवसांत पोपटाच्या भाजीवर शेकडो जेवणं केली, तो अंगणात उभा राहून सांगत होता की मला पोपट म्हणजे काय ते माहीत नाही. चंद्रपूर-गडचिरोली दोन्ही जिल्ह्यांत असा दुसरा माणूस शोधून मिळाला नसता.

सुनंदाताई एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत राहिल्या. माझं "पावटे" त्यांनी ऐकलं होतं. त्यांना सगळं कळलं होतं, मी पैजेवर सांगते. मग त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला. आधी थोडा, मग आवरेना. त्या पायरीवर बसल्या आणि पदरानं नाही, वर्दीच्या बाहीनं डोळे पुसत हसल्या. "मंग पोपट कोनाचा झाला जी?" त्यांनी विचारलं.

"माहाच झाला," डोमाभाऊ म्हणाले.

त्यांनी सूप आणलं, आमच्यापुढं ठेवलं आणि वर्दीवाल्या आवाजात म्हणाल्या, "बसा आता. सोला." आम्ही ते अख्खं टोपलं सोललं. दाणे टपाटप सुपात पडत होते. सोलता सोलता मी हळूच विचारलं, भाऊ, असं का केलं. ते शेंगेकडं बघतच म्हणाले, "बाहेरच्या माणसाची चूक झोंबते, बाई. घरच्या येड्याची चूक हसण्यावारी जाते. तुले नाई कळत, मी सारी उमर हेच काम केलो."

धंद्याचं एवढं मोठं गणित मला त्यानंतर कुणी शिकवलं नाही. विलासभाऊंनीही कुणाला काढलं नाही, त्या दिवसापासून तिसरा नियम केला. दोन तोंडं झाली की तिसरं तोंड ज्याच्यावर बोलायचं त्याचं. आम्ही सगळ्या गावाला विचारलं होतं, सुनंदाताईंना विचारलं नव्हतं. आणि खुर्ची म्हणून जिच्यावर हसलो तिच्या बुडाखाली साधं स्टूलसुद्धा नव्हतं, दिवसभर जंगलात पायी फिरणारी बाई ती. हे मला अजून टोचतं.

पुढच्या शनिवारी सुनंदाताई टोपलं घेऊन खोलीत आल्या. कॅमेऱ्यापुढं गॅसवर पोपटाची भाजी झाली. राघूपुढं ताट ठेवलं तर राघू तोंड फिरवून म्हणाला, "नगं. भावकी हाय." त्यांचे साहेबही आले होते, खुलाशाच्या कागदासकट. त्यांनी दोनदा भाजी घेतली आणि हसू आवरत सांगितलं, पिसं सापडली नाहीत, साली सापडल्या. फाईल पुढं गेली. सुनंदाताई आज वनपाल आहेत आणि दर थंडीत माझ्याकडं पिशवीभर शेंगा पाठवतात, वर चिठ्ठी लावून, "जिवंत आहेत, जपून सोला."

पण त्या दिवशी एक गोष्ट झाली, तिचा खरा अर्थ बघणाऱ्यांना कळला नाही. भाजी शिजत असताना डोमाभाऊंनी दुपट्टा खांद्यावरून काढला, कॅमेऱ्याकडं वळले आणि माफी मागितली. "मी डोमा. चूक माही होती. मले पोपट माईत नव्हता." टेबलाखाली मी ऐकत होते. आणि माझा हात, माझ्या मनाला न विचारता, हळूच एका बाजूला कलला. राघूची मान वाकडी झाली.

घरोघरी लोक हसले. त्यांना वाटलं, राघू भाऊंच्या येडेपणावर मान वाकडी करतोय. डोमाभाऊंनी मात्र बघितलं. टेबलाच्या कापडापाशी वाकल्यासारखं करून ते पुटपुटले, "सीधी ठेव." मी सरळ केली. पण राघूला जे सांगायचं होतं ते त्यानं सांगून टाकलं होतं.

आता विलासभाऊंचा कार्यक्रम केबलवरून लोकांच्या फोनवर गेला आहे. टेबल नवं आहे, राघू तिसरा आहे, हात तोच. डोमाभाऊ अहेरीला मुलीकडं असतात. गुडघे गेलेत, पण आठवडी बाजार सोडत नाहीत. आणि तिथली प्रत्येक भाजीवाली त्यांना बघून शेंगांचा ढीग दाखवते. "भाऊ, हे पोपट हाय बरं. उडत नाई." भाऊ दरवेळी दचकल्याचं सोंग करतात, बाजार हसतो. फोनवर मला ते हे सगळं मिटक्या मारत सांगतात. मी म्हटलं, भाऊ, मी एकदा खरं सांगून टाकते. तर रागावले. "खबरदार. चांगला चाललेला विनोद मारशीन का?"

विनोद तुमचा आहे, भाऊ, पण पोपट माझा झाला होता. सुईनं टाचलेलं अक्षर मी त्याच दिवशी उसवून दुसरं टाचलं. माझ्या चुकीचं अक्षर मात्र इतकी वर्षं तुमच्या दुपट्ट्यावर तसंच राहिलंय. हा लेख छापून येईल, पण अहेरीच्या बाजारातल्या भाजीवाल्या दिवाळी अंक वाचत नाहीत, म्हणून एवढ्यानं भागणार नाही. एका आठवडी बाजाराला मी येणार आहे. टेबल आणणार नाही, कापड आणणार नाही. पहिल्यांदा माझं तोंड लोकांना दिसेल, आणि ह्या वेळी मी बोट दाखवणार नाही, नाव घेऊन शेंगा मागणार आहे. मग तुम्हाला शेजारी उभं करून, राघूला हातावर घेऊन सांगेन की नागभीडच्या माणसाला पोपट माहीत होता, गडहिंग्लजच्या बाईला नव्हता. तुम्ही रागवा. पण राघूकडं बघा त्या वेळी. मान सरळ असेल.